सिद्धांतांना डिसेंबर १९६१ विचारा

पत्र : सर, मी पेडणे तालुक्यातली. चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकले, पुढे सगळे इंग्रजीतून. आता एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. बाकीचे विषय जमतात. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या सिद्धांतांचा पेपर तेवढा डोक्यावरून जातो. देश सत्तेसाठीच झगडतात असे सांगणारा वास्तववाद वाचताना तो पटतो, सहकार्यावर आणि संस्थांवर भर देणारा उदारमतवाद वाचला की तोही पटतो, आणि देशांचे वागणे कल्पनांनी व सामायिक नियमांनी घडते असे म्हणणारा रचनावाद वाचल्यावर आधीचे दोन्ही खोटे वाटू लागतात. आयएसएच्या (सत्रातल्या अंतर्गत परीक्षेच्या) उत्तरात मी अकरा विचारवंतांची नावे लिहिली, तरी वीसपैकी नऊच गुण मिळाले आणि मॅडमनी समासात ‘फक्त वर्णन, विश्लेषण नाही’ असा शेरा दिला. बाबा विचारतात, हे शिकून पुढे काय? पुढच्या सत्रात सिद्धांताचा ऐच्छिक पेपर सोडून एखाद्या प्रदेशाचा अभ्यास घेऊ का? आणि मुख्य म्हणजे, यांतला खरा सिद्धांत कोणता?
– एक विद्यार्थिनी

प्रिय विद्यार्थिनी,

सप्रेम नमस्कार. तुमचे पत्र दोनदा वाचले. ‘तोही पटतो’ हे तुम्ही आपला कमीपणा म्हणून लिहिले आहे, पण मला अभ्यासाची खरी सुरुवात तिथेच दिसते. ज्याला पहिल्याच वाचनात एक सिद्धांत पटतो आणि बाकीचे टाकाऊ वाटतात, त्याने बहुधा एकच नीट वाचलेला असतो. हे सिद्धांत जाणत्या माणसांनी, आपापल्या काळातल्या एखाद्या कोड्याने अस्वस्थ होऊन मांडले आहेत. वास्तववादी ई. एच. कार यांचे पुस्तक १९३९ मध्ये, दुसरे महायुद्ध तोंडावर असताना आले. दुसरे वास्तववादी मॉर्गेन्थाऊ हे जर्मनीतले ज्यू. नाझी राजवटीमुळे मायदेश कायमचा सुटलेल्या या माणसाने १९४८ मध्ये सत्तेवर ग्रंथ लिहिला. उदारमतवादी कोहेन आणि नाय यांनी १९७७ मध्ये परस्परावलंबनावर लिहिले ते तेलाच्या धक्क्याने बलाढ्य देशांनाही हतबल केल्यानंतर, आणि रचनावादी वेंट यांचा गाजलेला निबंध १९९२ चा, म्हणजे शीतयुद्ध कोणाच्या ध्यानीमनी नसताना संपून गेल्यानंतरचा. यांतल्या प्रत्येकापुढे एक प्रश्न होता. अभ्यासक्रमात ही मंडळी घटक एक, घटक दोन अशी रांगेत उभी राहतात तेव्हा तो प्रश्न गळून पडतो आणि विद्यार्थ्याच्या हाती नुसती उत्तरे उरतात. ज्याचा प्रश्न माहीत नाही ते उत्तर कोणतेही असले तरी पटतेच.

म्हणून माझा सल्ला एकच आहे, आणि पुढचे सगळे त्याचेच स्पष्टीकरण आहे. एक घटना निवडा, ती मुळापासून समजून घ्या आणि वर्षभर प्रत्येक सिद्धांताला तिच्याविषयी एकच प्रश्न विचारत राहा. तुम्ही गोव्याच्या आहात. तुम्हाला घटना शोधायला दूर जायला नको.

इंग्रज १९४७ मध्ये गेले, पोर्तुगीज राहिले. १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली त्यांच्या हातून गेली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्यात शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच सुमारास भारताने पोर्तुगालशी राजनैतिक संबंध तोडले. त्यानंतरही सहा वर्षे सैन्य हलले नाही. ते हलले १७ डिसेंबर १९६१ च्या रात्री, आणि १९ तारखेला पोर्तुगीज गव्हर्नर जनरलने शरणागती पत्करली. मधल्या १८ तारखेला न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा परिषद बसली होती. युद्धबंदी करून भारताने सैन्य मागे घ्यावे, असा अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांचा ठराव होता. अकरा सदस्यांपैकी सात मते बाजूने आणि चार विरोधात पडली. विरोधातल्या चारांत सोव्हिएत संघ होता, म्हणून तो नकाराधिकाराने पडला. बाकीची तीन मते सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे तेव्हाचा इजिप्त) यांची होती. आता प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा : चौदा वर्षे थांबलेल्या भारताने डिसेंबर १९६१ मध्येच सैन्य का पाठवले, आणि त्याला कोणी अडवू का शकले नाही?

वास्तववादाला विचारा. तो सांगेल की भारत मोठा आणि पोर्तुगाल लहान, तेव्हा निकाल ठरलेलाच होता. पण भारत १९४७ मध्येही मोठाच होता, मग चौदा वर्षांचे काय? इथे वास्तववादी पोर्तुगालचे मित्र मोजू लागतो. पोर्तुगाल १९४९ पासून नाटोचा संस्थापक सदस्य होता आणि ब्रिटनशी त्याची मैत्री चौदाव्या शतकापासूनची होती. दुसऱ्या बाजूला १९५५ च्या अखेरीस सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन भारतात येऊन गोव्याच्या बाबतीत उघडपणे आपल्या बाजूने बोलून गेले होते. हिशेब बराचसा जुळतो. नाटोच्या करारातले संरक्षण युरोप आणि उत्तर अमेरिकेपुरते होते आणि ते मांडवीपर्यंत पोहोचत नव्हते, हेही त्यात बसते. पण वॉल्ट्झ यांनी १९७९ मध्ये मांडलेला संरचनात्मक वास्तववाद, म्हणजे देशांमधल्या सत्तेच्या वाटणीवरून राजकारण समजावणारा सिद्धांत, एखाद्या देशाने अमुक तारखेला अमुक निर्णय का घेतला हे सांगण्याचा दावाच करत नाही, आणि ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या नजरेतून बहुधा सुटते. आपला सिद्धांत परराष्ट्र धोरणाचा नाही, असे त्यांचे स्वतःचे म्हणणे होते. म्हणजे ‘कोणी अडवू का शकले नाही’ हे त्यांना विचारणे रास्त आहे. ‘डिसेंबरच का’ हे विचारणे अन्यायाचे आहे. कोणता सिद्धांत कोणत्या प्रश्नासाठी आहे हे ज्या दिवशी तुम्ही स्वतः लिहाल, त्या दिवशी समासातला तो शेरा पुन्हा दिसणार नाही.

उदारमतवादी संस्थांकडे बोट दाखवील. पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये दादरा आणि नगर हवेलीकडे जाण्याच्या वाटेचा दावा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला. भारताने आधी न्यायालयाच्या अधिकारावरच आक्षेप घेतला, पण तो फेटाळला गेल्यावर खटला पूर्ण लढवला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांना वाट असल्याचे मान्य झाले, सैन्य, पोलीस आणि शस्त्रांना ती नाकारली गेली, आणि भारताने आपले कर्तव्य मोडलेले नाही, असेही न्यायालयाने म्हटले. ज्या देशाला शेवटी सैन्यच पाठवायचे होते, तो इतकी वर्षे वकिली का करत बसला? याचे उत्तर वास्तववादाकडे सहज नाही. पण संस्थांवर इतकी श्रद्धा असलेल्या देशाने नंतर सैन्य पाठवले, याचे उत्तर उदारमतवादाकडेही सहज नाही. दोघे जिथे अडतात ती जागा वहीत खूण करून ठेवा.

आणि त्या जागेवर हेडली बुल यांना बोलवा. आपल्याकडे त्यांचा विचारप्रवाह, म्हणजे इंग्लिश स्कूल, परीक्षेपुरते चार ओळींत उरकले जाते, याचे मला फार वाईट वाटते, कारण गोव्याचा प्रश्न त्यांच्यासाठीच घडला असावा इतका तो त्यांच्या विचाराला लागू पडतो. बुल यांचे १९७७ चे पुस्तक सांगते की राज्यांवर कोणी राजा नसला तरी राज्यांचा एक समाज असतो, त्याला नियम असतात, आणि त्या समाजात सुव्यवस्था आणि न्याय यांची ओढाताण कायम चालू असते. आता १८ डिसेंबरचे ते सभागृह डोळ्यांसमोर आणा. अमेरिकेचे अ‍ॅडले स्टीव्हन्सन म्हणत होते की बळाचा वापर न करण्याचा नियम आज मोडू दिला, तर संयुक्त राष्ट्रसंघ टिकणार नाही. भारताचे सी. एस. झा म्हणत होते की हा वसाहतवादाचा शेवटचा अवशेष दूर करण्याचा प्रश्न आहे, आणि आपल्याच भूमीवर, आपल्याच लोकांवर आक्रमण कसे होईल? एक जण सुव्यवस्थेच्या बाजूने बोलत होता, दुसरा न्यायाच्या. दोघेही संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेचाच आधार घेत होते. मी मुक्तीच्या बाजूचा आहे आणि ते लपवण्याचे मला कारण नाही. तरीही स्टीव्हन्सन यांचे भाषण ढोंग म्हणून बाजूला सारू नका. समोरच्याचा मुद्दा त्याच्या सगळ्या ताकदीनिशी मांडता येणे हे पदव्युत्तर अभ्यासाचे निम्मे काम आहे.

रचनावादाशी तुम्हाला जास्त वेळ काढावा लागेल. (मराठीत ‘रचनावाद’ आणि ‘संरचनात्मक वास्तववाद’ ही नावे फसवी आहेत, दोन्ही एकाच माळेचे मणी वाटतात, पण दोघांची वाट वेगळी आहे.) रचनावादी विचारतो की ‘वसाहत’ हा शब्द शिवी कधी झाला. १५१० मध्ये आल्बुकर्कने गोवा जिंकला तेव्हा जिंकणे हाच हक्क होता. १९५१ मध्ये पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीने राज्यघटना बदलून आपल्या वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ म्हणायला सुरुवात केली. लिस्बनला शब्द बदलावासा वाटला, यावरूनच जुना शब्द पचेनासा झाला होता हे कळते. १४ डिसेंबर १९६० रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने वसाहतींच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा ८९ विरुद्ध शून्य मतांनी संमत केला. नऊ देश तटस्थ राहिले. त्यांत पोर्तुगाल होता, तशी अमेरिकाही होती. कोणाचीही विरोधात मत द्यायची तयारी नव्हती, याकडे नीट पाहा. दुसऱ्याच दिवशी आमसभेने पोर्तुगालच्या ताब्यातल्या अस्वयंशासित प्रदेशांची यादी केली आणि तीत गोवा होता. पुढच्याच वर्षी अंगोलात उठाव झाला, सप्टेंबरमध्ये बेलग्रेडला अलिप्त राष्ट्रांची परिषद भरली, ऑक्टोबरमध्ये दिल्लीत पोर्तुगीज वसाहतींवर परिसंवाद झाला, आणि तिथे आफ्रिकेतले नेते भारताला विचारू लागले की तुमच्या दारातले पोर्तुगीज तुम्ही का सोसता? ज्या देशाची सगळी प्रतिष्ठा वसाहतवादविरोधावर उभी होती त्याला आता थांबणेच महाग पडू लागले होते. ‘डिसेंबरच का’ या प्रश्नाच्या सर्वांत जवळ मला हे उत्तर वाटते.

बाकीच्यांना विचारायचे प्रश्न थोडक्यात सांगतो. स्त्रीवादी अभ्यासक सिंथिया एन्लो यांच्या धर्तीवर विचारा की या कथेत स्त्रिया कुठे आहेत. मग १९५५ मध्ये म्हापशात गोवा काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषवणाऱ्या सुधाताई जोशी दिसतील, ज्या सुरक्षा परिषदेच्या कागदांत कुठेच नाहीत. राजकीय अर्थशास्त्राच्या दिशेने जा आणि पन्नासच्या दशकात गोव्याच्या खाणींतले लोहखनिज जपानकडे जाऊ लागले होते, हे ध्यानात घेऊन भारताने गोव्याच्या केलेल्या आर्थिक नाकेबंदीचा परिणाम तपासा. उत्तर-वसाहतवादी अभ्यासक विचारील की त्या दिवशी गोव्यावर बोलले ते सगळे राज्यांचे प्रतिनिधी; मग गोमंतकीय माणूस बोलला कुठे?

आता तुमचा मुख्य प्रश्न. ‘प्रत्येकात थोडे सत्य आहे’ असे म्हणून थांबू नका. ते सब घोडे बारा टक्के झाले, आणि तुमच्या मॅडमना तेच खटकले असणार. ‘कोणी अडवू का शकले नाही’ यासाठी मी वास्तववादाला झुकते माप देतो, ‘तेव्हाच का’ यासाठी रचनावादाला. पण माझे मत तुम्ही तपासून घ्या. फेब्रुवारी १९६२ मध्ये सार्वत्रिक निवडणूक होती आणि संरक्षणमंत्री कृष्ण मेनन उत्तर मुंबईतून उभे होते. निवडणुकीसाठीच ही कारवाई झाली, असे त्या काळीच काहींनी म्हटले होते. ते खरे असेल तर निर्णयाआधीच्या कागदपत्रांत आफ्रिकेचा उल्लेख वरवरचा आणि देशांतर्गत हिशेब ठळक दिसायला हवा. तसे दिसले तर मला माझे मत सोडावे लागेल. कोणता पुरावा सापडला तर मी माझे म्हणणे मागे घेईन, हे आधी लिहून ठेवायची सवय लावा. मी विद्यार्थी असताना सत्तासंतुलनावर सोळा पानांचे टिपण करून सरांकडे नेले होते. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचले आणि एवढेच विचारले, “हे चूक असते तर तुला कसे कळले असते?” मला उत्तर देता आले नाही. पुढे सगळा अभ्यास मी त्या प्रश्नाच्या धाकात केला.

मराठी शाळेचा उल्लेख तुम्ही जरा संकोचाने केला आहे. तो संकोच सोडा, पण एक सावधगिरी बाळगा. आपले पारिभाषिक शब्द रोजच्या बोलण्यातला अर्थ बरोबर घेऊन येतात. ‘अराजक’ म्हटले की आपल्याला जाळपोळ आणि गोंधळ दिसतो. सिद्धांतात त्याचा अर्थ अक्षरशः अ-राजक, म्हणजे राज्यांवर कोणी राजा नाही, एवढाच आहे. अराजकात शांतताही नांदू शकते. म्हादई नदीच्या पाण्याच्या वादाचे उदाहरण घ्या. गोवा आणि कर्नाटक कितीही भांडले तरी त्यांच्यावर २०१० मध्ये नेमलेला लवाद होता, त्याचा २०१८ चा निवाडा आहे आणि वर सर्वोच्च न्यायालय आहे. म्हणून ते भांडण अराजकातले नव्हे. हेगच्या न्यायालयासमोर मात्र ज्याने त्याचा अधिकार मान्य केला आहे, त्यालाच खेचता येते. हा फरक समजला की वॉल्ट्झही समजले आणि वेंट त्यांच्याशी का भांडतात तेही समजले. तसेच ‘राज्य’ म्हटले की गोव्यात आपल्याला पर्वरीचे सचिवालय आठवते, तर ‘आदर्शवाद’ हा शब्द कौतुकाचा वाटतो. मुळात तो वास्तववाद्यांनी प्रतिपक्षाला चिकटवलेला ठपका होता. प्रत्येक घटकातले पाच-सहा शब्द घेऊन हा भेद मराठीत लिहून काढा. इंग्रजीतूनच शिकणाऱ्यांच्या नजरेतून जे निसटते, ते दोन भाषांच्या फटीतून तुम्हाला दिसेल.

मराठी वाचणाऱ्याला आणखी एक दार उघडे आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीचे, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेले आज्ञापत्र जरूर वाचा. साहुकार म्हणजे व्यापारी ही राज्याची शोभा आहे, असे सांगून ते टोपीकरांपाशी, म्हणजे युरोपियनांपाशी, थांबते आणि बजावते की फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज (डच) हे व्यापार करत असले तरी इतर साहुकारांसारखे नव्हेत, त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत. व्यापारी कंपनी आणि राज्य यांतली सीमारेषा कुठे पुसट होते, हा आजही सिद्धांतातला जिवंत प्रश्न आहे आणि आपल्या किनाऱ्यावरच्या अनुभवातून तो तिथे उमटला आहे. मात्र ‘हे आमच्याकडे आधीच होते’ एवढे म्हणण्यासाठी ते वापरू नका. कौटिल्याला भारताचा मॉर्गेन्थाऊ म्हणण्यात जसे कौटिल्याचेच नुकसान होते, तसे इथेही होईल.

उत्तरपत्रिकेबद्दल. तुम्ही लिहिले असेल की ‘मॉर्गेन्थाऊ यांच्या मते आंतरराष्ट्रीय राजकारण म्हणजे सत्तेसाठीचा संघर्ष होय’ आणि लगेच पुढच्या नावाकडे वळला असाल. यापुढे अशा वाक्यानंतर आणखी दोन वाक्ये लिहायची : हे खरे असेल तर अमुक घटनेत काय दिसायला हवे, आणि प्रत्यक्षात काय दिसले. अकरा नावांऐवजी तीन पुरतील. मूळ लेखन वाचताना वेंट यांचा तो एक निबंध आधी घ्या आणि आठवडाभर रोज चार पाने, पेन्सिल हातात धरून वाचा. त्याच्या सारांशाची दहा टिपणे वाचण्यात जाणारा वेळ इथे लावा.

ऐच्छिक पेपर सोडू नका. प्रदेशाचा अभ्यास जरूर करा, पण तो प्रबंधासाठी राखून ठेवा. पोर्तुगीज भाषिक आफ्रिका निवडलीत, तर गोव्याच्या विद्यार्थिनीला भाषा, दस्तऐवज आणि इतिहास यांचा जो आधार मिळेल तो इतरांना सहजी मिळत नाही. बाबांना सांगा की नेटच्या (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेच्या) आणि केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या राज्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात हे सिद्धांत आहेतच. आणि शक्य झाल्यास एका रविवारी त्यांना १९६१ चा तो प्रश्न विचारून पाहा. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या आठवणी त्यांच्यापाशी असतील, त्या तारीख घालून उतरवून घ्या.

पणजीला याल तेव्हा पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात जा आणि गोवाविषयक विभागात त्या वर्षावरची पुस्तके मागा. सुरक्षा परिषदेच्या १८ डिसेंबरच्या बैठकांचे, म्हणजे क्रमांक ९८७ आणि ९८८ चे, शब्दशः इतिवृत्त संयुक्त राष्ट्रसंघाच्या डिजिटल ग्रंथालयात मिळते. ते छापून घ्या आणि वाचायला बसण्याआधी एक गोष्ट मनाशी ठरवा : ठरावाविरुद्धच्या चार मतांपैकी एक लायबेरियाचे होते, पश्चिम आफ्रिकेतल्या त्या देशाला गोव्याचे काय पडले होते? दोन पानी उत्तर लिहून झाले की मला पाठवा.